जांभळ्या कोबीचा वाहतूक परवाना

जांभळी पत्ताकोबी आमच्या घरी आली ती डिसेंबरातल्या एका सकाळी, भाचीच्या सॅकमध्ये स्वेटरात गुंडाळलेली. भाची दोन वर्षं जर्मनीत शिकून परतली होती आणि मामाच्या गावाला, म्हणजे आलापल्लीला, पंधरा दिवस राहायला आली होती. वाटेत नागपूरच्या बाजारात तिला ही कोबी दिसली आणि तिचं मन म्हणे भरून आलं. कोबी बघून मन भरून येणारं माणूस आमच्या खानदानात याआधी झालं नव्हतं.

सौ. मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला दारात उभी होती. भाचीनं सॅकमधून ते डोकं बाहेर काढलं तशी ती दोन पावलं मागं सरली.

“हे काय व?”

“पत्ताकोबी आहे, मामी.”

“मग अशी काळीनिळी काहून? थंडीनं काकडली का?”

मीठमोहऱ्या मग आधी कोबीवरून उतरवल्या गेल्या आणि उरल्या त्या भाचीवरून.

मी वनखात्याच्या लाकूड डेपोत ३३ वर्षं कारकुनी केली. हयातीत सर्वांत जास्त वेळा मी कोणते शब्द लिहिले असतील तर ‘लांबी’ आणि ‘गोलाई’. प्रेमपत्र लिहायची वेळ आली नाही, नाहीतर त्यातही आले असते. जित्याची खोड म्हणतात ती आमच्या खात्यात दोन्ही अर्थांनी खरी आहे. हातात काही गोल आलं की मी अजूनही आधी टेप शोधतो. कोबीची गोलाई भरली ५८ सेंटिमीटर आणि लांबी १६. सागात हा माल जळाऊ बिटातसुद्धा कोणी मोजला नसता.

आलापल्लीत मोठेपणाची मापंच वेगळी आहेत हो. इथल्या जंगलात ‘वनवैभव’ म्हणून ६ हेक्टरांचा तुकडा राखून ठेवला आहे. २०१४ साली तो जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. तिथल्या सागाखाली उभं राहून शेंडा बघायचा तर टोपी पडते. गडचिरोली आणि चंद्रपूर या आमच्या दोन जिल्ह्यांचा साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून मिरवत गेला, २०२३ मध्ये. अशा गावात कोणी ५८ सेंटिमीटर गोलाईची कोबी घेऊन आलं आणि “मामा, बघा तरी किती सुंदर आहे!” म्हणालं, तर मामानं काय बघायचं?

‘पत्ताकोबी’ या शब्दावर पुण्याचे पाहुणे नेहमी हसतात. त्यांच्याकडे नुसती कोबी. आमच्याकडे एक पत्ताकोबी आणि दुसरी फुलकोबी, भानगड नको. ‘कोबी’ हा शब्द पोर्तुगिजांचा. त्यांच्या भाषेत तिला ‘कोव्ह’सारखं काहीतरी म्हणतात. जहाजातून उतरताना त्यांनी ‘बटाटा’ही आणला आणि ‘पेरू’ही. पण हे दोन शब्द सह्याद्री चढून विदर्भापर्यंत येता येता दमले असावेत. कारण आम्ही बटाट्याला आलू म्हणतो आणि पेरूला जाम. कोबी तेवढी पोचली, तीही हिंदीचा पत्ता विचारत विचारत. म्हणून पत्ताकोबी. भाषाशास्त्रज्ञांना हे पटणार नाही, पण त्यांना आलापल्लीत विचारतो कोण.

दुपारी भाचीनं जाहीर केलं की या कोबीची ती ‘रोटकोल’ करणार.

“रोट मारुतीचा असते,” सौ. म्हणाली. “शनिवारी कर मग.”

रोट म्हणजे लाल आणि कोल म्हणजे कोबी, असं भाचीनं समजावलं. लाल कोबी बारीक चिरायची, तिच्यात आंबट सफरचंद घालायचं, लवंग, तमालपत्र, दालचिनी, थोडी साखर, थोडं व्हिनेगर, आणि झाकण ठेवून मंद आचेवर दीड तास शिजवायची. तिकडे नोव्हेंबरच्या ११ तारखेला, संत मार्टिनच्या सणाला आणि पुढं नाताळात हंस भाजतात, आणि त्या हंसाच्या बाजूला ही कोबी वाढतात.

“हंस?” सौ.चा हात पोळपाटावर थांबला. “सरस्वतीचं वाहन खाऊन शिक्षण घेतलं का व तुमी लोकायनं?”

“मी नाही खाल्ला मामी, मी नुसती कोबी खायची. ती साइड डिश असते.”

इथं मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मला एकच साधा प्रश्न पडला होता, जो पुढचे दोन दिवस आमच्या घराला पुरला. साइड डिश म्हणजे कोणती साइड?

प्रश्न पोरकट वाटेल. पण आपल्या ताटात प्रत्येक पदार्थाचा सातबारा आहे. मीठ वर मधोमध. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर, आणि सणावाराला पंचामृत. उजवीकडे भाज्या आणि वरण-आमटीची वाटी. समोर भात. डावीकडचं बोटाच्या टोकानं घ्यायचं, उजवीकडचं घासानं. लहानपणी मी एकदा पंगतीत वाढायला उभा राहिलो आणि आलूवांग्याची भाजी पत्रावळीच्या डाव्या अंगाला टाकली. ज्यांच्या पानात टाकली ते आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी नुसतं पान उलट दिशेनं फिरवलं. मग मीठ खाली आलं, भात वर गेला आणि आजोबा शांतपणे जेवले. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा कुठं वाढायचं हे ठरल्याशिवाय शिजवायला घेणं म्हणजे डेपोत लाकूड आधी उतरवायचं आणि लॉट नंबर नंतर शोधायचा. अशानं काय होतं ते मी नोकरीत पाहिलं आहे.

“कोणतीही साइड, मामा,” भाची म्हणाली. “तिकडे तसं काही नसतं.”

म्हणजे दोन वर्षं पोरगी कोणत्या परिस्थितीत राहिली, याची तेव्हा कल्पना आली.

जिन्नस जमवायला निघालो आणि एकेका जिन्नसानं आलापल्लीत धडक मारली. पहिली धडक हंसाच्या चरबीची. मूळ कृतीत ती दोन चमचे होती. सौ.नं कपाटातून ‘रुचिरा’ काढली. तिच्या लग्नात आलेली प्रत, हळदीच्या बोटांनी पिवळी झालेली. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली हे पुस्तक लिहिलं आणि ग्रॅम-औंसाच्या जागी वाटी-चमच्याचं माप दिलं, हे त्यांचे उपकार. सौ.नं पुस्तक उलटंपालटं केलं आणि निकाल दिला, “यात हंस नाही.” ‘रुचिरा’त नाही म्हणजे जगात नाही.

चरबीच्या जागी मग मोहाच्या बियांचं तेल आलं. हे तेल थंडीत थिजून पिवळसर लोण्यासारखं होतं. भाचीनं डब्यात चमचा खुपसला, तो सरळ उभा राहिला, आणि ती खूश झाली, “अगदी तशीच दिसते!” हंसाच्या चरबीशी साम्य निघाल्यावर सौ.नं त्या डब्याकडे जरा संशयानं पाहिलं. गेली कित्येक वर्षं आपण नकळत काय खात होतो, असा तो संशय होता.

दुसरी धडक सफरचंदाची. फळांच्या गाडीवर सफरचंदं होती, चांगली स्टिकर लावलेली. पण कृतीला हवं होतं आंबट. भाचीनं गाडीवाल्याला विचारलं, “भाऊ, आंबट सफरचंद आहे का?” त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याच्या धंद्यात आजवर प्रत्येकानं “गोड आहे ना जी?” हेच विचारलं होतं. “ताई, आपल्याकडे आंबट माल राहतच नाही,” तो दुखावून म्हणाला, आणि शेजारच्या बोरांच्या टोपलीकडे बोट दाखवलं, “आंबट पाहिजेन तं हे घ्या.”

खरं म्हणजे त्यानं मार्गच दाखवला. सफरचंद त्या भाजीत दोन कामांसाठी असतं. थोडा आंबटगोडपणा द्यायचा आणि शिजून विरघळलं की रसाला दाटपणा आणायचा. दाटपणा आणणारा जो पदार्थ सफरचंदात असतो तो पेरूतही भरपूर असतो. म्हणून तर पेरूची जेली इतकी छान थिजते. तेव्हा आंबटपणाला बोरं आणि दाटपणाला जाम, असा तोडगा निघाला. अर्धा किलो बोरं आणि तीन जाम घेऊन आम्ही घरी आलो. बोरातली आठी कोण काढणार हा प्रश्न कोणी विचारला नाही. निवृत्त माणूस घरात असला की काही प्रश्न आपोआप सुटतात. मी ओट्यावर बसून १४२ बोरं चिरली. संख्या नक्की आहे, कारण मी नोंद ठेवली. त्यात १७ किडकी निघाली. ती मालातून कमी केली.

“भाजीत फळ घालते का कोणी?” सौ. आतून म्हणत होती. “फळ उपासाले, भाजी जेवाले.”

हा मुद्दा तसा कच्चा होता. गोव्याकडे अननसाचं सांसव करतात, आंब्याचंही करतात, मोहरी वाटून, आणि भाताबरोबर हादडतात. आपल्याकडे केळ्याची कोशिंबीर आहे. कोबीच्याच पचडीवर डाळिंबाचे दाणे पेरतात की. पण हे मी बोललो नाही. हातात बोर आणि सुरी असताना वाद घालू नये.

तिसरी धडक मात्र आवाज करून झाली. “आणि एक पेला रेड वाइन,” भाची ओसरीवरून मोठ्यानं वाचत म्हणाली.

मी उठून दार लावलं.

ज्यांना आमचा जिल्हा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गडचिरोली १९८२ च्या ऑगस्टात चंद्रपूरपासून वेगळा झाला आणि १९९३ पासून इथं दारूबंदी आहे. चंद्रपूरनं २०१५ साली बंदी आणली आणि २०२१ साली उठवली. त्यामुळे एकाच घरातल्या दोन भावांसारखी स्थिती आहे. थोरला अधूनमधून घेतो, धाकट्यानं माळ घातली आहे, आणि मध्ये वैनगंगा वाहते. आष्टीच्या पुलाच्या पलीकडे जी बाटली सरकारला महसूल देते तीच पुलाच्या अलीकडे तुमच्यावर कलम लावते. मी ३३ वर्षं एका काटकीचा हिशोब चुकवला नाही. आता कोबीपायी जामीन शोधायचा?

“वाइनच्या जागी काय चालेल?” भाचीनं विचारलं.

“काय येते त्याच्यानं?” सौ.

“थोडा आंबटपणा, थोडा गोडवा, आणि एक प्रकारचा… वास.”

सौ. काही न बोलता आत गेली आणि मोहफुलांचा डबा घेऊन आली.

मोह मार्च-एप्रिलात पहाटे पडतो. बायामाणसं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. ताजं फूल रसानं टच्च असतं. उन्हात वाळलं की मनुकेसारखं तांबूस, सुरकुतलेलं होतं. भाजून खातात, उकडून खातात, लाडू करतात. आमच्याकडे सिरोंचा बाजूचे तेलुगू लोक त्याला ‘इप्प’ म्हणतात. हे फूल आहे की फळ, असा एक फाटा भाचीनं फोडला. शास्त्राप्रमाणे फूलच. पण ज्याचं पोतं भरून ठेवता येतं, ज्यात मनुकेइतकी साखर असते आणि जे अस्वलाला आवडतं, त्याला फूल म्हणून केसात कोण माळणार? जेवणापुरतं आम्ही त्याला फळांत घेतलं.

मूठभर मोह गरम पाण्यात भिजत पडला आणि त्याचा वास उठला. आता या गावात हा वास न ओळखणारं नाक अजून जन्माला यायचं आहे. दहा मिनिटांत शेजारचे निवृत्त जमादारकाका काठी टेकत फाटकाशी आले. या काकांना मी सकाळी फिरायला कधी पाहिलेलं नाही, पण त्या दिवशी ते आमच्या घरावरून तीनदा फिरले.

“काय भिजवलं हो साहेब?” तिसऱ्या फेरीला ते म्हणाले.

“मोह. भाजीत घालाचा आहे.”

“भाजीत.” काका हसले. आपण सगळे समजून आहोत असं ते हसणं होतं. “घाला, घाला. भाची आली म्हणते फॉरेनची.”

मला त्यांना सांगावंसं वाटलं की मोह भिजवून लगेच शिजवला तर भाजी होते आणि चारपाच दिवस तसाच ठेवला तर गुन्हा होतो, आणि आम्ही पहिल्या प्रकारात आहोत. पण इतका खुलासा निर्दोष माणूस करत नाही. मी खुर्ची दिली. ते बसले, आणि शेवटपर्यंत उठले नाहीत.

दीड तास गॅस जाळायला सौ.नं साफ नकार दिला. कोबी म्हणजे काय हरभरे आहेत का, असा तिचा सवाल होता. आमच्याकडे पत्ताकोबी कढईत पडली की दहा मिनिटांत उतरते, चण्याची डाळ असली तर पंधरा. तेव्हा अंगणात चूल मांडली. सौ.नं माळ्यावरून मोठा गंज काढला आणि चुलीवर ठेवणार तोच थबकली.

“यात आंबट पडणार आहे ना?”

“हो. का?”

“मग यात नाही चालत. जर्मन आहे हे.”

भाचीला कळेना. मी समजावलं की आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला ‘जर्मन’ म्हणतात, आणि जर्मनमध्ये आंबट शिजवत नाहीत. कळकतं. घराघरांत आयांनी पोरींना दिलेली ही शिकवण आहे. त्या जर्मन गंजानं आजवर आमच्या घरी चाळीस-चाळीस माणसांचा भात शिजवला होता, आणि जर्मनीहून त्याच्या माहेरचा पदार्थ आला त्या दिवशी त्याला परत माळ्यावर जावं लागलं. रोटकोल शेवटी स्टीलच्या गंजात गेली.

आणि व्हिनेगर? व्हिनेगर गावात चायनीजच्या गाडीवर मिळतं. हिरव्या पत्ताकोबीचं मंचुरियन करून तिला शेवटची गती देणारी ही गाडी संध्याकाळी लागते. वाजले होते तीन. भाची म्हणाली, “चालेल, व्हिनेगर मागून घालू.” इथंच सगळा घोटाळा झाला.

तेल तापलं, कांदा पडला, लवंगा तडतडल्या. मग चिरलेली कोबी. ५८ सेंटिमीटर गोलाईचा माल चिरल्यावर एवढा होतो याची मला कल्पना नव्हती. गंज शिगोशीग भरला. त्यावर बोरं, जाम, मोह, थोडा गूळ, आणि बोरिंगचं पाणी. झाकण. भाची आत कपडे बदलायला गेली, सौ. कणीक मळायला. अंगणात राहिलो मी, जमादारकाका, आणि मागच्या घरातल्या आक्का.

आक्का मूळच्या सिरोंचाकडच्या. त्यांची मराठी तेलुगूतून आंघोळ करून येते. कोणाचंही काही शिजत असलं की त्यांचा हात शिवशिवतो. अर्धा तास झाला तरी कोबी कचकच लागते म्हटल्यावर त्यांनी पदराच्या गाठीतून काढावं तशी कुठून तरी चिमूटभर सोड्याची पुडी काढली आणि झाकण उचलून आत टाकली. “शिजतंय बघा आता,” त्या म्हणाल्या. हरभऱ्याला चालतं, तर कोबीला का नाही?

भाची परत आली, झाकण उचललं, आणि तिच्या तोंडून जो शब्द निघाला तो बहुतेक जर्मन होता.

भाजी निळी झाली होती.

जांभळी नाही, निळी. शाळेत कित्ता गिरवताना दौत सांडायची तसली निळी. बोरं निळी, जाम निळे, मोह निळा. जमादारकाकांनी खुर्ची दोन फूट मागं घेतली. सौ. कणकेच्या हातानं धावत आली आणि गंजात बघून तिनं देवाचं नाव घेतलं. नीळकंठ.

“विष झालं का व?” तिनं हळूच विचारलं.

“मी काई नाई केलं,” आक्का म्हणाल्या. कोणी विचारलं नव्हतं.

भाची आधी हिरमुसली आणि मग एकदम हसायला लागली. ती रसायनशास्त्र शिकते हे आम्ही विसरलो होतो. या कोबीत एक रंगद्रव्य असतं, ती म्हणाली. तेच जांभळातही असतं. आंबटात ते लाल होतं, सोड्यासारख्या खारात निळं, आणि जास्तच खार झाला तर हिरवं. जर्मनीतसुद्धा यावरून दोन पक्ष आहेत. उत्तरेकडे तिला लाल कोबी म्हणतात, आणि दक्षिणेत बव्हेरियाकडे निळी कोबी, ब्लाउक्राउट. भाजी तीच, पण शिजवणाऱ्याचा हात कुठं वळतो त्यावर नाव. निळी कोबी आणि नवरीचा पोशाख यांवर तिथं एक जिभेची कसरत आहे, आपल्या कच्चा पापड-पक्का पापडसारखी. तिनं ती म्हणून दाखवली. जमादारकाकांनीही म्हणायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या कवळीला ते झेपलं नाही.

मला सागाचं पान आठवलं. लहानपणी पावसाळ्यात सागाची कोवळी पानं तळहातावर चोळायचो. पान हिरवंगार, आणि हात रक्तासारखा लाल. गुरुजींना “लागलं” म्हणून दाखवायचं आणि घरी पळायचं. झाडांच्या रंगावर विश्वास ठेवू नये हे गुरुजी तेव्हा शिकले. मी इतक्या उशिरा शिकलो.

“मग लाल कर ना परत,” सौ. म्हणाली.

“व्हिनेगर लागेल. गाडी सहाला लागते.”

“चिंच काय मेली आहे का?”

लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात कोळून आली. भाचीनं ती धार गंजात सोडली. जिथं जिथं कोळ पडला तिथं तिथं निळ्यातून जांभळं आणि जांभळ्यातून लाल फुटत गेलं. पळीनं ढवळलं तसा सगळा गंज लालबुंद झाला. एवढा वेळ फाटकाबाहेरून बघणारी चार पोरं आत आली. “अजून एकदा करा ना जी,” त्यातला एक म्हणाला. आक्कांचा हात पुडीकडे गेलेला मी पाहिला, सौ.नंही पाहिला. पुडी जप्त झाली.

मग मात्र कोबी शहाण्यासारखी शिजली. जाम विरघळला, रस दाटला, बोरांची सालं तेवढी इकडेतिकडे दिसत राहिली. पाच वाजता गंज उतरला आणि चवीला एकेक चमचा फिरला.

आक्कांनी डोळे मिटले. “हे तर पुलुसू आहे,” त्या म्हणाल्या. चिंचेचा कोळ, गूळ, भाजी, आणि आळून येईपर्यंत शिजवायचं. त्यांच्या आईची पुलुसू. फक्त मिरची विसरलात.

सौ. म्हणाली, “पुलुसू कायची? पंचामृत आहे. तीळदाणे तेवढे नाहीत.”

जमादारकाकांनी चमचा दोनदा चाटला. “मोहाचीच आहे,” ते म्हणाले. त्यांचा तपास पूर्ण झाला होता.

भाची काही बोलली नाही. तिथं तिची घरमालकीण आजी नोव्हेंबरात हे करायची, ते असं नव्हतं, एवढं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिनं दुसरा चमचा घेतला. मग वाटी घेतली. “त्या आजी म्हणायच्या, ही भाजी दुसऱ्या दिवशी गरम करून खावी, जास्त चांगली लागते,” ती म्हणाली. हे ऐकून सौ.चा जर्मनीविषयीचा आदर एकदम वाढला. शिळ्याची किंमत कळणारी माणसं वाईट असू शकत नाहीत.

तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली. जमादारकाका आणि आक्का निमंत्रणाशिवाय वेळेवर हजर. पानं मांडली. मीठ, लिंबू, लोणचं, भात, तुरीचं वरण, पोळ्या, आलूवांगं. आणि सौ. रोटकोलचं पातेलं हातात घेऊन माझ्या ताटासमोर येऊन थांबली.

“बोला आता,” ती म्हणाली. “डावी की उजवी?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सविस्तर बाजू मांडली. कृती बघता ही शिजवलेली भाजी, म्हणून उजवी. चव बघता आंबटगोड, पंचामृताच्या वंशातली, म्हणून डावी. फळं आहेत, म्हणून डावी. दीड तास सरपण खाल्लं, म्हणून उजवी. आक्का म्हणाल्या, पुलुसू भातावर घ्यायची असते, बाजूला कसली ठेवता? काका म्हणाले, डावीकडे थोडी आणि उजवीकडे थोडी, मोजून. भाची म्हणाली, मामा, जेवण गार होतंय.

सौ.नं मला अजून एक मिनिट दिलं. मग तिनं पळीभर रोटकोल डाव्या बाजूला, लोणच्याच्या शेजारी वाढली, आणि पुढच्या पानाकडे गेली. निर्णय झाला होता. मी समाधानानं भाताला हात घातला.

तेवढ्यात त्या लालजांभळ्या रसानं डावीकडून सुटका करून घेतली. आधी तो मिठापाशी गेला, मग भाताच्या मुळाशी शिरला, पलीकडून बाहेर पडला आणि कोणताही वाहतूक परवाना न दाखवता सरळ उजवीकडच्या आलूवांग्यात जाऊन मिसळला. मी पोळीच्या तुकड्याचा बांध घालून बघितला. तोही लाल झाला.

“काय रोखून रायले?” सौ. दुसरी पळी घेऊन परत येत म्हणाली. “जेवा गुमान.”